नोटिशीच्या उत्तराची वाट पाहू नका

डिचोलीच्या एका वाचकाचे पत्र आहे. आजोबांच्या वेळच्या घराच्या बाहेरच्या चिऱ्यांच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा ठेकेदाराने खरवडून सिमेंटचा केला आणि वर वॉटरप्रूफ रंग फासला. काम एप्रिल 2024 मध्ये संपले. 2 लाख 40 हजार दिले, निम्मे रोख, पावती नाही. जुलैत गिलाव्याला फोड आले आणि आतल्या खोलीत ओल उतरली. तेव्हापासून ठेकेदाराचे एकच पालुपद: "पाऊस सरूं दे, येतो." आता जून 2026 उजाडल्यावर विचारतात, नोटीस द्यावी का? दर पावसाळ्याच्या तोंडावर अशी पत्रे येतात.

नोटीस द्या, पण तिच्या उत्तरासाठी थांबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. नोटिशीने किंवा फोनवरच्या आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. ओल दिसली तेव्हा, म्हणजे जुलै 2024 मध्ये, कारण घडले असे आपण म्हणू. ठेकेदार मात्र काम संपल्याच्या एप्रिलकडे बोट दाखवील आणि त्या हिशेबाने मुदत टळलेली आहे. म्हणून याच महिन्यात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा आणि सोबत विलंब माफीचा अर्जही जोडा. माफीसाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. "गावचाच माणूस, म्हणून थांबलो" एवढ्यावर आयोगाचे समाधान होईल, असे मी सांगू शकत नाही.

घर अजून आजोबांच्या नावावर, चुलतभावांची नावे एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी झालेली नाही, यावर तुम्ही पत्राची दोन पाने खर्ची घातलीत. ते प्रकरण वेगळे. काम तुम्ही सांगितले, पैसे तुम्ही दिले, म्हणून ग्राहक तुम्ही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही नाही.

रोख दिलेल्या निम्म्या रकमेचे मात्र काय करायचे? बँकेतून पैसे काढल्याची नोंद, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप संदेश, काम चालू असतानाचे फोटो, जे असेल ते गोळा करा. फोन बदलू नका. संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे गृहीत धरूनच चला. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण कोर्ट फी आणि तिथला वेग पाहता तो मार्ग मी शेवटचा ठेवीन.

दोष नक्की कशाचा, हे इंजिनियरच्या लेखी अहवालाशिवाय ठरणार नाही. जुन्या चिऱ्यांवर सिमेंट आणि रंगाचा जाड थर बसला की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, हे गोव्यातला कुठलाही जुना गवंडी सांगेल. पण आयोगाला सहीचा कागद लागतो. "घर जुने, ओल येणारच" हा ठेकेदाराचा बचावही त्याच कागदावर टिकेल किंवा पडेल. अहवाल हाती येईपर्यंत भिंतीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका. चुन्याचे काम पुन्हा करायला किती खर्च येईल त्याचा लेखी अंदाज आताच घ्या आणि तोच आकडा तक्रारीत मागा.