कुलाब्याच्या चर्चला 'अफगाण चर्च' का म्हणतात? आत बघण्यासारखं काय आहे?

अफगाण लोकांशी या चर्चचा संबंध फक्त युद्धापुरता. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या ब्रिटिश फौजेतल्या लोकांचं हे स्मारक. पायाभरणी 1847 मध्ये झाली आणि 1858 मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. उंच मनोरा मात्र 1865 च्या सुमारास पुरा झाला. सुमारे 60 मीटर उंचीचा तो मनोरा बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून दिसायचा.

आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणाऱ्या योजनेचा अभियंताही हाच, हे मला फार विलक्षण वाटतं. शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि निमुळत्या खिडक्या, पण दगड इथलाच. आतली सजावट विल्यम बटरफिल्डची, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. गेलात तर खाली नक्की बघा: इंग्लंडहून आणलेल्या फरश्यांची भौमितिक नक्षी अप्रतिम आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ वेदीजवळ द्या. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या शिपायांची नाहीत. ते इतके होते की नोंदवणं शक्य नाही, असं तिथल्या लेखातच म्हटलंय. तलवारीबरोबर आजारपणानं मेलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे. ते वाचताना गलबलून येतं.

चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि नेव्हीनगरच्या वाटेवरच लागतं.