हातात टॅब आला, पण मूल अडलं तर विचारायचं कुणाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. विकसनशील देशांत ऑनलाइन शिक्षण सुरू करताना सगळ्यात मोठी अडचण कुठली येते, आणि उपकरणं व इंटरनेट पुरवलं की बाकीचं आपोआप मार्गी लागतं का? मी काही वर्षं शाळकरी मुलांसाठी डिजिटल धडे तयार केले आणि ते कसे वापरायचे हे शिक्षकांना शिकवलं. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही लागत. एका अख्ख्या देशाने हे करून पाहिलं आहे.

‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये जगापुढे मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप गरीब मुलाच्या हातात द्यायचा, मग ते स्वतःच्या कुतूहलाने शिकेल, अशी त्यामागची श्रद्धा होती. पेरूने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. पुढे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काहीही फरक दिसला नाही. मुलं लॅपटॉप सफाईने हाताळायला शिकली होती, एवढं खरं. पण त्या शाळांपैकी फारच थोड्या ठिकाणी इंटरनेट होतं, आणि या यंत्राचं रोजच्या तासाला नेमकं काय करायचं, हे शिक्षकांना पुरेसं कुणी दाखवलंच नव्हतं.

याचा अर्थ साधनांची अडचण किरकोळ आहे असा काढू नका. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत घरबसल्या शिकण्याची कुठलीच सोय पोहोचू शकली नाही, असा युनिसेफचा अंदाज होता. म्हणजे जवळपास दर तीन शाळकरी मुलांमागे एक, आणि यात टीव्ही-रेडिओवरचे धडेसुद्धा धरलेले होते. वीज, रेंज, दुरुस्ती, चार्जिंग यांबद्दल तुम्ही आधीच खूप वाचलं असेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

कागदावर न दिसणारी गोष्ट वेगळी आहे: घरात फोन असणं आणि तो मुलाला मिळणं यांतला फरक. भारताच्या ग्रामीण भागात २०२१ साली झालेल्या ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तीन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं, म्हणजे वाढ प्रचंड. पण घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. फोन मोठ्या माणसाबरोबर सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. घरात दोन-तीन भावंडं असली की दहावी-बारावीतल्याचा हक्क पहिला, आणि मुलीचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा. आमच्या धड्यांचा वापर कुठल्या वेळी होतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकले होते. आम्ही सकाळी अकराचा थेट तास ठरवला होता आणि मुलं रात्री नऊनंतर येत होती. थेट तास आम्ही त्याच आठवड्यात बंद केले.

डेटाचंही तसंच. एका महिन्याच्या सरासरी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी खर्चात प्राथमिक इंटरनेट मिळावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचं उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट चांगलंच आहे, पण त्यातला ‘सरासरी’ हा शब्द लक्षात ठेवा. सरासरीच्या पुष्कळ खाली असलेल्या घराला तेच दोन टक्के आठ-दहा टक्क्यांसारखे जाचतात. अशा घरात महिनाअखेरीला रिचार्ज संपतो आणि मूल आठवडाभर गायब होतं. तुमच्या नोंदींत मात्र त्याने ‘अभ्यास सोडला’ असं दिसतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण ही आहे की मूल अडलं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. वर्गात शिक्षकाला मुलाचा चेहरा दिसतो. पडद्यापलीकडून तो दिसत नाही, आणि ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडतं असं आपण म्हणतो तेव्हा खर्च नेमका तो चेहरा पाहणाऱ्या माणसावरच वाचवलेला असतो.

आमच्याकडे एका गणिताच्या प्रकरणात जवळजवळ सगळी मुलं ‘पूर्ण’ दाखवत होती. आम्ही खूश होतो, अहवालातही तसं लिहिलं. मग एका शिक्षिकेने फोन करून सांगितलं, ‘मॅडम, माझ्या शेजारी बसून एक मुलगी सोडवत होती. ती प्रश्न वाचतच नाही. पहिला पर्याय दाबते, चुकला तर दुसरा, मग तिसरा, हिरवी खूण येईपर्यंत.’ त्या मुलीला अपूर्णांक तर सोडाच, भागाकारही येत नव्हता, आणि आमच्या यंत्रणेच्या मते ती हुशार होती. शिक्षिका शेजारी बसली म्हणून हे कळलं. बाकीच्या मुलांशेजारी कोण बसलं होतं? हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मागे पडलेली मुलं हा अपवाद नसतो, हेही आधीच गृहीत धरा. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय शिकवणीचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. अशा मुलांना सहावीचं पुस्तक व्हिडिओवर दाखवून काय उपयोग? माइंडस्पार्क मुलाची पातळी शोधून तिथून सुरुवात करायचं आणि साडेचार महिन्यांत मुलांची प्रगती खरोखर चांगली झाली. हा दाखला सॉफ्टवेअरचं यश म्हणून सांगितला जातो. पण मुलं रोज एका केंद्रावर येत होती, पाऊण तास संगणकावर घालवत होती आणि पुढचा पाऊण तास बारा-पंधरा जणांच्या गटात एका शिकवणाऱ्या माणसासोबत. सांगताना हा दुसरा पाऊण तास बहुतेक वेळा गळून जातो.

बोत्सवानामध्ये २०२० च्या टाळेबंदीत याहून साधा प्रयोग झाला. प्राथमिक शाळेतल्या काही मुलांच्या घरी दर आठवड्याला गणिताचे प्रश्न एसएमएसने पाठवले. आणखी काही घरी एसएमएसबरोबर सुमारे वीस मिनिटांचा फोनही केला. नुसत्या एसएमएसचा ठळक परिणाम दिसला नाही, फोन गेला तिथे मुलं पुढे गेली. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट. पलीकडून कुणीतरी मुलाचं उत्तर ऐकत होतं, आणि घरातलं मोठं माणूसही शेजारी बसून ऐकत होतं. मेक्सिकोत १९६८ पासून चालू असलेली ‘टेलेसेकुंदारिया’ ही दूरचित्रवाणीवरची माध्यमिक शाळाही तशीच. विषयांचे धडे पडद्यावरून येतात, पण वर्गात सगळ्या विषयांसाठी एक शिक्षक हजर असतो.

भाषेबद्दल एकच सांगते. जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना स्वतःला समजणाऱ्या भाषेत शिक्षण मिळत नाही, असं युनेस्कोने २०१६ मध्ये म्हटलं होतं. धडे मोठ्या भाषेत तयार करून खाली उपशीर्षकं टाकली की झालं, असं समजू नका. ज्या मुलाला अजून सरावाने वाचता येत नाही, त्याला उपशीर्षकांचा काय आधार? आवाजच त्याच्या भाषेत हवा.

तुम्ही प्रकल्प आखत आहात असं प्रश्नावरून वाटतं, म्हणून काही थेट सूचना. धडे आधी ऑफलाइन चालतील असे करा. कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली शाळेतल्या एका छोट्या संगणकावर बसवली की इंटरनेटशिवाय वर्गभर धडे मिळतात. व्हिडिओपेक्षा आवाज आणि चित्रं वापरा, डेटा पुष्कळ वाचतो. लॉगिनसाठी ओटीपी ठेवू नका, कारण ज्या फोनवर तो येतो तो फोन दिवसा मुलाजवळ नसतो.

आणि अंदाजपत्रकात शिक्षकांच्या वेळेसाठी स्वतंत्र ओळ धरा. दर आठवड्याला प्रत्येक मुलाशी पंधरा मिनिटं बोलायचं तर चाळीस मुलांमागे दहा तास लागतात. हे दहा तास शिक्षकाच्या आहे त्या कामावर लादले तर तो पहिल्या महिन्यानंतर फोन करणं सोडून देईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. तेवढे पैसे नसतील तर मुलांची संख्या निम्मी करा, पण हे तास कापू नका. मंजुरीसाठी आराखडा वर गेला की कात्री पहिली याच ओळीवर चालते, तेव्हा त्या बैठकीला तुम्ही स्वतः हजर राहा.