दोघांची ताटातूट करू नकोस

हर्णैहून एका मावशीचं पत्र आलंय. खेड तालुक्यात, रघुवीर घाटाखालच्या एका डोंगरवाडीत दिलेली तिची बहीण या पावसाळ्यात गेली. मेहुणा दोन वर्षांपूर्वीच गेला. मागे नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि थकलेली आजी. भावकीने ठरवलंय, मुलीला मुंबईत एका घरी ठेवायचं, "कामाला हातभार लावेल, शिकवतीलही", आणि मुलाला कुठल्यातरी आश्रमात. मावशी बंदरावर मासळी सुकवते, नवरा खलाशी, खोली भाड्याची. ती विचारते, "दोघांना आणलं तर खायला काय घालू? नाही आणलं तर वर गेल्यावर बहिणीला काय तोंड दाखवू?"

बाय गो, तुझ्या पत्रातली एक ओळ डोळ्यांपुढून हलत नाही. पोर झोपेतही भावाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून असते, असं लिहिलंयस. ते टोक तिच्या मुठीतून सोडवायचं नाही. बाकी सगळं त्यानंतर.

मुंबईचं आधी मोडून काढ. नऊ वर्षांच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि बंद दाराआड तिचं काय चाललंय हे तुला कोण सांगणार? न्यायला माणसं येणार असतील तर १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लाव. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. आश्रमातही बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल परस्पर ठेवता येत नाही. भावकीच्या सह्यांना तिथे किंमत नाही.

आता पैशाचं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल नातेवाइकाकडे असलं तरी. दोघांचे ४,५००. वाडीच्या अंगणवाडी सेविकेला गाठ, अर्ज कुठून सुरू करायचा ते ती सांगेल. पैसे हातात पडायला वेळ लागतो, तेवढे महिने कसे काढायचे ते नवऱ्याशी बसून ठरव.

बहिणीच्या मृत्यूची ग्रामपंचायतीत नोंद झालीय का, आजच विचार. डोंगरातल्या वाड्यांत दहावं-तेरावं होतं आणि नोंद तेवढी राहून जाते. मुदत २१ दिवसांची. ती टळली असली तरी उशिराची नोंद होते, पण त्या दाखल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. मेहुण्याचा सातबारा. तलाठ्याकडे वारस नोंद करून दोन्ही मुलांची नावं चढव, आणि आजीचंही, मुलाच्या मागे आईही वारस असते. मुलं अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असल्याने त्यांची अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आजीचं नाव लागू शकतं. जमीन चार गुंठे वरकस का असेना, ती मुलांची आणि आजीची आहे. भावकीच्या मनात काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही, पण नोंद लांबवू नकोस.

शाळेसाठी जूनची वाट बघू नकोस. मधेच प्रवेश मिळतो, दाखला मागाहून आला तरी चालतो.

आजीला मात्र नीट विचार. तिची चूल, तिची गुरं, तिचा लेक गेलेलं घर. तिला खाली यायचं नसेलही. पण मुलं तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या हाताने निघू देत. मुलांना तुझ्याकडे ठेवण्यासाठी रत्नागिरीला बाल कल्याण समितीपुढे जाशील त्या दिवशी दोघांना बरोबरच ने, आणि तिच्याने प्रवास होत असेल तर तिलाही. मग काय झालं ते कळव.

तुझी माई