फिल्म ठिसूळ झाली, मुलगी नापास झाली नाही

पत्राचा गोषवारा: मुलगी अन्नतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. प्रबंधासाठी तिने कायटोसानची (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाची) खाण्यायोग्य वेष्टन-फिल्म बनवून तिला गॅमा किरण दिले. फिल्म मजबूत होण्याऐवजी ठिसूळ झाली. वडील विचारतात, ‘हे तिला जमणारं नाही, शिवाय किरणांचा धोका. संगणकाच्या कोर्सला घालू का?’

तुमच्या पत्रात ‘मी तिला सांगितलंय’ तीनदा आलंय, ‘ती म्हणते’ एकदाही नाही. मला काळजी याची वाटते. निकाल मनासारखा आला नाही की घरून ‘तुला जमणार नाही’ ऐकावं लागतं, हे एकदा कळलं की मुलं पुढचा निकाल घरी सांगत नाहीत. काही तर वहीतही खरा आकडा लिहायला कचरतात. संशोधन करू पाहणाऱ्या मुलीचं यापेक्षा मोठं नुकसान नाही. कोर्सची फी भरू नका.

मुळात प्रयोग फसलेलाच नाही. किरण दिले की पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि फिल्म घट्ट होते, हा समज सरसकट लावला जातो, तो चूक आहे. जोडणी आणि तुटणी एकाच वेळी चालते. वरचढ कोण, हे पदार्थावर आणि पाण्यावर ठरतं. केसीनसारख्या दुधातल्या प्रथिनाच्या द्रावणाला किरण दिले तर पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात, प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जोड्या बांधल्या जातात आणि त्या द्रावणातून ओतलेली फिल्म बळकट निघू शकते. कायटोसान आणि स्टार्च या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. त्यांच्या साखळीतले बंधच तुटतात, रेणुभार घटतो. जास्त मात्रेला फिल्म कमकुवत होणं हे अपेक्षितच आहे.

मात्र ठिसूळपणा किरणांमुळे आला की फिल्म लवचिक करणारं ग्लिसरॉल कमी पडल्यामुळे, हे तिने आधी वेगळं करावं. ग्लिसरॉल कायटोसानच्या कोरड्या वजनाच्या 25 ते 30 टक्के धरावं. फार कमी पडलं तर फिल्म बशीतून सोलतानाच तडकते, फार वाढलं तर चिकटते आणि पाण्याची वाफ जास्त आरपार जाऊ देते. शिवाय ग्लिसरॉल स्वतः रॅडिकल टिपतं, फेरुलिक आम्लासारखी फिनॉल गटातली वनस्पतिजन्य रसायनंही टिपतात. म्हणून किरणांची मात्रा आणि फिल्ममध्ये मिसळलेले असे पदार्थ एकाच वेळी बदलले, तर आकड्यांचा अर्थ लागत नाही. एकाच घाण्यातल्या पट्ट्यांना 0, 5, 10 आणि 20 किलोग्रे (किरणमात्रेचं एकक) द्यावेत. मग सगळ्या पट्ट्या 25 अंशांना, मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, म्हणजे सुमारे 53 टक्के आर्द्रतेत, 48 तास ठेवाव्यात. जाडी पाच ठिकाणी मोजून मगच ताणाव्यात. शून्य मात्रेची पट्टीही जरा ताणताच तुटली, तर दोष ग्लिसरॉलचा किंवा कोरड्या हवेचा. फक्त किरण दिलेल्याच अशा तुटल्या, तर त्या 1 टक्का ॲसिटिक आम्लात पुन्हा विरघळवून विष्यंदिता, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, मोजावी. मात्रेबरोबर ती उतरत गेली, की साखळ्या तुटल्याचा भक्कम पुरावा हाती येतो. प्रबंधाचं एक चांगलं प्रकरण इथेच आहे.

धोक्याबद्दल: कोबाल्ट-60 या किरणोत्सारी स्रोताचे गॅमा किरण फिल्मला किरणोत्सारी करत नाहीत. स्रोत जाड कवचाआड असतो, तो प्रशिक्षित माणसं हाताळतात. तिने नमुने सीलबंद द्यायचे आणि परत घ्यायचे.

पुढे पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षा आहेत, वेष्टन-चाचणीच्या नोकऱ्या आहेत. तो विचार प्रबंध झाल्यावर. मुदतवाढ लागली तर मार्गदर्शकांकडे ती स्वतः मागेल. तुम्ही त्यांना फोन करू नका.