मेळघाटातील आमच्या चर्चचे फादर ७५ वर्षांचे झाले. निवृत्तीनंतर ते धर्मगुरू राहत नाहीत का? मुलीचे लग्न त्यांना लावता येईल का?

ते धर्मगुरू आमरण राहतात. सुटते ते पद. अमरावती धर्मप्रांत कॅथलिक चर्चच्या लॅटिन परंपरेचा असल्याने तिथे १९८३ चा कॅनन लॉ (चर्चचा कायदा) लागू आहे आणि त्याच्या कलम ५३८ नुसार ७५ वर्षे पूर्ण झालेल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांना बिशपांकडे राजीनामा देण्याची विनंती केली जाते; तो लगेच स्वीकारायचा की लांबणीवर टाकायचा, हे माणूस आणि गाव पाहून बिशप ठरवतात, आणि फादरांच्या राहण्याची व निर्वाहाची योग्य तजवीजही त्यांनीच करायची असते. म्हणजे नोंदवह्या, हिशेब आणि पॅरिशची जबाबदारी उतरते. मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करणे, आजाऱ्याच्या कपाळाला व तळहातांना तेल लावून प्रार्थना करणे उतरत नाही, आणि ब्रह्मचर्याचे बंधनही कायम राहते. मुलीचे लग्न त्यांच्याच हातून लागावे, ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे; मात्र त्यासाठी नव्या फादरांनी किंवा बिशपांनी त्यांना आधी अधिकार द्यावा लागतो, एरवी तो विवाह चर्चच्या दृष्टीने वैध ठरत नाही, म्हणून तारीख धरण्यापूर्वीच नव्या फादरांशी बोलून घ्या.