तगड्या संघाला 21 गुणांनी हरवलं, तर ते नशीब म्हणायचं का?

21 गुणांचं नशीब नसतं हो. नशिबाने एका गुणाने जिंकतात, फार तर तीन. शेवटच्या सेकंदाला कोणीतरी अर्ध्या कोर्टावरून भिरकावतो आणि बॉल बास्केटमध्ये पडतो, ते नशीब. तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने मागच्या वर्षीच्या विजेत्यांना 21 ने हरवलं आणि आता जो तो म्हणतोय, 'त्यांचा दिवस वाईट होता.' हे वाक्य मी बारा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना सेमीफायनलला असाच संघ समोर आला. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला तिसाच्या वर फरकाने धुतलं होतं. त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मला काम एकच दिलं होतं: त्याला आत बॉल मिळू द्यायचा नाही. शॉट उडाला की बॉलकडे बघत बसायचं नाही. आधी त्याला शोधायचं, पाठ लावायची, गुडघे वाकवायचे आणि तो ढकलेल तेवढं सोसायचं. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, बहुतेक वेळा मी घ्यायचोही नाही. बॉल आमच्या दोघांसमोर टप्पा खायचा आणि आमचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारा) तो उचलून पळत सुटायचा.

हाफटाइमला 31-29. तिसरं क्वार्टर सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली होती. सेंटर वैतागलेला, कारण पासच मिळत नव्हते. एकदाचा मिळाला, तो वळला आणि त्याचा खांदा थेट माझ्या छातीत. मी आडवा. पडल्या पडल्या आधी रेफरीकडे बघितलं. त्याने मूठ तळहातावर आपटली. चार्जिंग, म्हणजे बॉल घेऊन बचाव करणाऱ्याला धडकल्याचा फाउल! सेंटरचा चौथा. पाचव्याला बाहेरच जावं लागतं, म्हणून त्यांच्या कोचने त्याला बसवलं. ते क्वार्टर आम्ही 24-6 ने घेतलं आणि मॅच 71-49.

मग लोक काय म्हणाले? 'त्यांचा सेंटर बसला म्हणून जिंकलात.' अहो, तो काय पाय मुरगळून बसला होता? मी आठवडाभर कुशीवर झोपू शकलो नाही, ते कशामुळे मग?

दुसरी गंमत आमच्या शूटरची. जिवलग मित्र आहे, आजही आहे. त्याने त्या मॅचला 27 टाकले. फोटो त्याचा, सत्कार त्याचा, आणि आजही चार लोक जमले की, 'मी नसतो तर...' स्कोअरशीटचा फोटो माझ्याकडे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरचे गुण लाल शाईने मांडतात. त्या तिसऱ्या क्वार्टरच्या लाल 24 मध्ये त्याचे किती? 5. बाकीचे बहुतेक फास्ट ब्रेकवरचे लेअप (बास्केटपर्यंत जाऊन जवळून टाकलेले), म्हणजे बॉल हिसकावून नाहीतर रिबाउंड घेऊन पळालेले. माझ्या नावापुढे 4 गुण आणि 4 फाउल. त्या कागदावर रिबाउंडला रकानाच नसतो. जो पास दिलाच गेला नाही, तो तर कोण मोजणार?

तेव्हा तुमच्या मॅचमध्ये कोणी किती टाकले ते राहू द्या. समोरच्यांनी बॉल किती वेळा गमावला आणि एका हल्ल्यात त्यांना दुसरा शॉट किती वेळा मिळाला, एवढंच विचारा. मोजलं नसेल तर पुढच्या मॅचला बाकावरच्या एखाद्या पोराला वही-पेन देऊन बसवा. शूटरला हे पटणार नाही. पटवायच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो.

आता खरं सांगायचं तर मोठ्या फरकाचाही भरवसा नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये डिसेंबर 2015 ला ओक्लाहोमाने व्हिलानोव्हाला 78-55 असं 23 ने हरवलं. चार महिन्यांनी तेच दोन संघ एनसीएएच्या, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, सेमीफायनलला भेटले आणि व्हिलानोव्हाने 95-51, म्हणजे 44 ने उट्टं काढलं. त्या दिवशी व्हिलानोव्हाचं शूटिंग 71 टक्के होतं, आणि माझा मित्र नेमका हाच आकडा माझ्या तोंडावर मारतो. मी त्याला बडी हील्ड दाखवतो. ओक्लाहोमाचा हा स्टार त्या मोसमात सरासरी 25 टाकत होता, त्याला 9 वर रोखलं. यावर मित्र चहा आणायला जातो.

आणि समोरच्यांना कच्चं समजू नका. 2018 मध्ये त्याच स्पर्धेत व्हर्जिनियासारखा अव्वल मानांकित संघ यूएमबीसी नावाच्या सोळाव्या, म्हणजे सर्वात खालच्या मानांकित संघाकडून 74-54 असा हरला. हाफटाइमला 21-21 होते. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया चॅम्पियन झाली.

तुमच्या पुढच्या फेरीचं मला कसं सांगता येणार? आमचं सांगतो. फायनलला मित्राने 31 टाकले. आम्ही 9 ने हरलो. मी पाचव्या फाउलवर तिसऱ्या क्वार्टरलाच बाहेर गेलो होतो.