ताशी तीन एकर, पण कुठल्या शेतात? (नंदगडच्या दादांना उत्तर)

दादा, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि सगळं जुनं डोळ्यासमोर आलं. भातवाल्यांचा गट, अनुदानातून हार्वेस्टर घ्यायचा बेत, तुम्हाला पाहिजे टायरऐवजी रुंद पट्ट्यांवर चालणारं चेनचं लहान मशीन आणि ऑफिसातले साहेब म्हणतात, "चौदा फूट रुंद कटरचं टायरवालं घ्या, क्षमता जास्त, फाईल लगेच पुढं जाईल." वर परदेशातल्या कंबाईनचा (कापणी-मळणी एकदम करणाऱ्या हार्वेस्टरचा) व्हिडिओ टाकून तुम्ही विचारलंय, की जगभर मशीन मोठं होत चाललंय, तर आपणच लहान कशाला धरून बसायचं? आमच्या गटाला अगदी हेच ऐकवलं होतं. कागदपत्रं कुठली लागतात ते इथं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यात मी जात नाही.

आधी व्हिडिओचं. ती मशीनं खरीच आहेत, खोटं काही नाही. 2014 मध्ये इंग्लंडात न्यू हॉलंड कंपनीच्या सीआर 10.90 या कंबाईननं आठ तासांत 797 टन गहू काढला, म्हणजे तासाला जवळजवळ शंभर टन. पुढचं कटर 45 फुटी होतं. 2023 मध्ये आलेल्या सीआर 11 ला 775 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि 20,000 लिटरची टाकी आहे, आणि ती टाकी सेकंदाला 210 लिटरनं, दीड-पावणेदोन मिनिटांत रिकामी होते. पण त्या मशीनला ज्या शेतात काम आहे तिथं एक फेरी संपायलाच किती वेळ लागतो बघा. बाजूनं ट्रॅक्टर-ट्रॉली पळत असते, चालता चालता दाणा ओततात, मशीन थांबतच नाही. तिकडं मजूर मिळत नाही आणि हवामानाची उघडीप थोडी, म्हणून मशीन वाढत गेलं. त्याचं वजनही वाढलं. 1958 च्या सुमाराला भरलेलं कंबाईन 4 टनांच्या आसपास असायचं, 2020 पर्यंत ते 36 टनांवर गेलं, असा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झालाय. एवढ्या वजनानं नांगराच्या खालची माती दबते आणि ती सहजासहजी सुटत नाही, ही काळजी आता तिकडचेच शास्त्रज्ञ करतात.

आता आपल्याकडं या. चौदा फूट म्हणजे 4.27 मीटर. ताशी 3 किलोमीटरनं चाललं तर कागदावर तासाला तीन एकरांच्या थोडं वर निघतं. साहेब हाच आकडा सांगतात. आता दहा गुंठ्यांचं एक खाचर घ्या, साधारण 50 बाय 20 मीटर. चौदा फुटीला पाच फेऱ्या, एकेक फेरी एका मिनिटाची. म्हणजे कापणी पाच मिनिटांची! पण आधी कोपरे विळ्यानं कापून मशीनला वळायला जागा करायची, मग प्रत्येक टोकाला कटर उचला, मागं घ्या, वळवा, टाकी रिकामी करा, बांधावर माती टाकून उतार करा आणि पुढच्या खाचरात उतरवा. आमच्याकडं एका खाचराला पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. म्हणजे एकराला तास-सव्वा तास. दोन मीटरचं चेनचं मशीन दहा फेऱ्या मारतं, पण जागच्या जागी वळतं, त्यालाही वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. मग जास्तीची किंमत, डिझेल, वजन हे सगळं कशासाठी?

आमचं खरं नुकसान मशीननं केलं नाही, ते त्या ऑफिसनं केलं. नाव घेत नाही. आम्ही चेनचं मशीन मागितलं होतं. टेबलावरच्या माणसानं "हे निकषात बसत नाही" म्हणून अर्ज परत दिला. कुठल्या निकषात, ते दाखवा म्हटलं तर उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत. हेलपाटे घालून चपला झिजल्या, पण लेखी एक ओळ मिळाली नाही. शेवटी सुगी तोंडावर आली, अनुदानाची मुदत संपत आली आणि गटानं त्यांच्या म्हणण्याप्रमाणं चौदा फुटीचा अर्ज भरला. त्यात "ताशी क्षमता" या रकान्यात त्यांनीच तीन एकर लिहिले, गुणिले आठ तास, गुणिले हंगामाचे दिवस. बँकेनं हप्ता त्याच आकड्यावर बांधला. आमच्या खाचरात मशीन दिवसाला त्याच्या निम्मंसुद्धा उरकेना. हप्ते थकले, दोघेजण गटातून बाहेर पडले, भावाभावांत बोलणं बंद झालं. ज्या माणसानं तो आकडा लिहिला त्याची तोवर बदली झाली होती आणि नवीन माणूस म्हणतो, अर्जावर सह्या तुमच्या आहेत. आजही हे लिहिताना मला राग येतो. बांध ओलांडून एकदा शेत बघायला कुणी आलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

पुढं तेच मशीन आम्ही बैलहोंगल-सौंदत्ती बाजूला सोयाबीन आणि मक्याला पाठवलं, तिथल्या सलग काळ्या रानात ते छान चाललं. म्हणून सांगतो, टायरच्या मशीनला मी नावं ठेवत नाही. माझा अनुभव खानापूर-बेळगाव पश्चिम पट्ट्यातल्या भाताचा आहे. अथणी, रायबागच्या लोकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. मी इंजिनिअरही नाही.

ओल्या खाचरातलं एक मात्र बघून ठेवा. कंबाईन मागच्या चाकांवर वळतं. ड्रायव्हरचं लक्ष पुढं कटरवर असतं आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. आमच्यात अशा एका वळणात शेजाऱ्याचा बांध हातभर ढासळला आणि त्यांच्या खाचरातलं पाणी आमच्यात आलं. चाकोऱ्या गुडघ्याला लागतील एवढ्या पडल्या. भातामागं आपण त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकतो, तो त्या पट्ट्यांत उगवलाच नाही. चेनचं मशीनही वळताना टोकाला चिखलाचा ढीग करतं, पण त्याचं वजन पसरतं म्हणून खोल रुतत नाही. आणि पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा! दोन्ही मशीनं पिंजर चिरडून टाकतात, त्यामुळं म्हशी असतील तर थोडं भात हातानं कापायचं ठेवा. विकत पिंजर घेताना कळतं काय भाव आहे ते.

तुम्ही आता काय करावं? माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या. चेनचं मशीन निकषात बसत नाही असं म्हणत असतील तर अर्ज आवकमध्ये देऊन शिक्क्याची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात निकषांची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपण कर्नाटकात, त्यामुळं अटींचं पत्र कन्नडमध्ये येईल. गटात ज्याला नीट वाचता येतं त्याच्याकडून सहीच्या आधी ओळ न् ओळ वाचून घ्या, विशेषतः मशीन किती वर्षं विकायचं नाही आणि वर्षाला किती काम दाखवायचं, त्या ओळी. क्षमतेचा रकाना कुणाला भरू देऊ नका. गावातल्या चार खाचरांत भाड्याचं मशीन घड्याळ लावून चालवा आणि तोच आकडा लिहा.

भाड्यानं आणाल तेव्हा दाणा किती सांडतो तेही बघा. मशीन गेल्यावर एक फूट बाय एक फूट जागेतले दाणे मोजा, मागं भुस्सा पडतो त्या पट्ट्यात आणि बाहेरही. हजार दाण्यांचं वजन 20 ग्रॅम धरलं तर चौरस फुटात सरासरी दहा दाणे म्हणजे एकरी जवळजवळ 9 किलो. चाळीस दाणे दिसले तर ड्रायव्हरला थांबवा, वेग कमी करायला लावा, पंख्याचा वारा बघा. बासमती बियाण्याला ठेवणार असाल तर आधीच्या शेतातला दाणा टाकीतून आणि एलिव्हेटरमधून (दाणा वर टाकीत चढवणाऱ्या भागातून) पूर्ण काढल्याशिवाय मशीन आत घेऊ नका, नाहीतर भेसळ ठरलेली. आणि कटर तुंबलं तर इंजिन बंद केल्याशिवाय कुणालाही हात घालू देऊ नका, ड्रायव्हर कितीही जुना असला तरी.

गटातल्या खाचरांची लांबी-रुंदी आणि गाडीवाटेची रुंदी इथं टाका. दोन्ही मशीनचा दिवसाचा हिशेब मी करून देतो, तो अर्जाला जोडता येईल.